कारणाचा रकाना

बुधवारी समिती येणार.
मॅडमनी फॉर्म दिलाय: विभागाची प्रगती,
मागच्या पाच वर्षांची, आकड्यांत.
म्हणाल्या, निनावे, तुमच्या स्टोअरचं काही असेल तर भरा.

माझ्या स्टोअरमध्ये एक जळका व्हेरिअॅक,
डबाभर कार्बन ब्रश,
आणि हे लाल कापडी बांधणीचं रजिस्टर.
तारीख, नाव, वर्ष, किती अँपिअर,
आणि शेवटी मी पट्टीनं आखलेला रकाना: कारण.
फ्यूज उडवला तर तार मिळेल,
पण आधी इथं लिहायचं.

१९८८. हेडाऊ, तिसरं वर्ष, दहा अँपिअर. कारण: घाई.
त्याच पानावर पुन्हा हेडाऊ. कारण: तीच.
बोरकुटे: स्टार्टर विसरलो.
खाली दुसऱ्याच अक्षरात: विसरला नाही, भ्याला.
कोण्या पोट्ट्यानं नुसतं लिहिलंय, "मे महिना".
त्या दिवशी सत्तेचाळीस होतं, कूलरची टाकी कोरडी,
मीही ते चालवून घेतलं.

१९९३. कु. सिंधू खोब्रागडे. आमच्याकडची पहिली मुलगी.
"वर्षभर मला फक्त रीडिंग लिहायला बसवलं.
आज सगळे तर्री-पोहे खायला गेले,
तेव्हा जोडणी मी केली."
रकान्यात मावलं नाही,
ओळ समासातून वर चढत गेली आहे.
तिला तार दिली, आणि न मागता पकडही.
आता ती अंबाझरीला भार प्रेषणात बसते;
उन्हाळ्याच्या दुपारी अख्ख्या विदर्भाचे कूलर
तिच्या पडद्यावर एकच रेघ होऊन वर सरकतात.

एका पानावर नाव नाही, फक्त मशीन: चार नंबरची शंट मोटर.
स्टार्टरचा दांडा सुटू नये म्हणून कुणी सुतळीनं बांधलेला,
मोटरवर भार काही नाही,
आणि फील्डची तार निसटली.
वेग वाढत गेला. पोट्टे टाळ्या वाजवू लागले.
काटा पुढे, अजून पुढे,
खिडकीची तावदानं थरथरली.
मी धावत जाऊन मेन पाडला.
"काका, चांगली पळत होती ना बे!"
उईके सर फळ्यापाशी गेले, खडू हातातच राहिला.
म्हणाले, धरून ठेवणारं सुटलं की पळते ती.
पळते म्हणजे सुधारली नाही.

आता काचेची इमारत आहे,
गच्चीवर सौर पट्ट्या, आणि चार नंबरची मोटर
संगणकात, न गरम होणारी, न वास येणारी.
वाईट नाही म्हणत मी.
विजेनं फेकलेली पोरं उचलली आहेत या हातांनी,
ते आता करावं लागत नाही.
पण एमसीबी पडतं, बोटानं वर करतात, झालं.
नाव कुणी विचारत नाही.
२०१७ नंतर पानं कोरी.
उडालेले फ्यूज, पाच वर्षांत: शून्य.
समितीला आवडेल.

पहिल्या पानावर पहिलं नाव माझंच आहे.
नोकरीचा तिसरा दिवस, पंधरा अँपिअर.
कारणापाशी पेन टेकवल्याचा निळा ठिपका,
पुढे काही नाही.
अडतीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतलं.

काल संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची मुलगी आली, सिरोंच्याची.
"काका, ट्रिप झालं. वर केलं, चालू पण झालं.
पण का झालं, ते नाही समजलं."
एवढ्यासाठी ती दोन मजले उतरून आली होती.
मी रजिस्टरवरची धूळ बाहीनं पुसली, पान उघडलं.
"रोल नंबर लिहू?"
नाव लिही, म्हटलं.
मग ती शेवटच्या रकान्यापाशी बसून राहिली, पेनचं टोपण चावत.
बाहेर पार्किंगमधल्या गाड्या निघून गेल्या,
वॉचमन किल्ल्या वाजवत दोनदा डोकावला.
मी घाई केली नाही.

फॉर्मवरचं शून्य खोडलं आहे.
तिथं एक लिहिलंय.
एक काय, ते मॅडम विचारतील.