कल्हई

अर्जाचा चौदावा रकाना: औचित्य.
लिहितो,
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, नग एक,
नऊ विभागांचा, बाहेरच्या बावीस कॉलेजांचा.
बाहेरच्यांना तासाला सहाशे, आमच्या मुलांना दीडशे.

खाली गिरणेचं कोरडं पात्र, सेहेचाळीस अंश.
दोन एसींपैकी चालू आहे तो मशीनचा.
मी आणि नोंदवही दाराबाहेर.

सकाळी सुरमी पावरा, धडगावहून, रात्रभर बसने,
डबीत भगरीची टरफलं.
तिच्यानंतर फालक. त्यांच्याकडे दीपनगरची राख.
जिभाऊ वॉचमन विचारतो,
"हाई मशीन कोनी शे?"
मला पटकन सांगता येत नाही.

यावलला समाजाची भांडी होती.
कुणाचंही लग्न असो, वहीत सही, वरणाचा गंज बैलगाडीत,
घासून परत.
काठावर दात्याचं नाव ठोकलेलं.
आई म्हणायची, गंज द्यायला सत्तर जण,
कल्हई म्हटली की सगळे खिसे चाचपतात.
एका लग्नात वरण कळकलं,
वऱ्हाड उलट्या करत गेलं,
नाव तेवढं चकचकीत राहिलं.

पुढचा रकाना: आवर्ती खर्च.
छापूनच आलंय, अनुज्ञेय नाही.
तरी लिहितो: पंपाचं तेल, फिलामेंट,
यूपीएसच्या बॅटऱ्या,
आणि एक माणूस, कायमचा.
अक्षरमर्यादा संपते 'काय'वरच.

आतून सुरमी हाक मारते.
पडद्यावर टरफल,
त्यावर रांगेने डोंगर.
"सर, हे तर आमच्याकडचेच," म्हणते,
आणि तास संपत आलेला असतो.