वीस मिनिटं

पुस्तकात ते दीड ओळीत आटपतं:
दोन मिली रक्त, काचेची कोरडी नळी,
वीस मिनिटं हलवू नये, मग तिरकी करून पाहावी.
मी पिवळ्या मार्करनं रंगवलं होतं ते,
समासात चांदणीही काढली होती.

देवगडच्या पोस्टिंगचा चौथा दिवस.
सत्यवती तिर्लोटकर रिक्षातून उतरून चालत आत आली,
काजू वेचताना पाचोळ्यातलं फुरसं चावलेली.
"तसा काय नाय झाला," म्हणाली,
"पोरग्यान उगीच हाडल्यान."

हिरड्या काळ्या दिसल्या. मिशेरी, मी मनात म्हटलं.
लोबो सिस्टर म्हणाल्या, चूळ भर गो बाय.
बेसिनमध्ये लाल पडलं.

माझा हात प्लास्टिकच्या नळीकडे गेला
तो सिस्टरनी वरच्यावर पकडला.
"काचेची. आणि नवी. धुतलेली नको,
साबण खोटा रिपोर्ट देतो."
हे कुठल्या पानावर होतं?

नळी स्टँडला लावली, घड्याळ बघितलं.
खिडकीबाहेर बंदरावर बर्फ फोडत होते,
बांगड्याच्या क्रेट खडखडत होत्या.
पायाची सूज घोट्यावरून वर सरकत होती,
मी पेनानं तिच्या कडेवर रेघ मारली, वेळ लिहिली.
अकराव्या मिनिटाला मला राहवलं नाही.
जराशीच तिरकी केली नळी.

सिस्टर काही बोलल्या नाहीत.
नवी नळी दिली. पुन्हा सुई, पुन्हा शून्यापासून.

"तुमी शिकाऊ मां?"
होय, मी म्हटलं.
"मगे शिका. माजो पाय खंय पळता?"
मग तिनं बकरीचं सांगितलं, काजूच्या पडलेल्या दराचं,
आणि मी पहिल्यांदा
घड्याळाकडे न बघता एका माणसाकडे बघत बसले.

विसाव्या मिनिटाला रक्त पाण्यासारखं वाहिलं.
प्रतिविषाच्या दहा कुप्या.
सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा तेच, पुन्हा कुप्या.
पहाटेची नळी मात्र पालथी केली तरी
रक्त तळाला चिकटून राहिलं.
मी ती तशीच उलटी धरून
वॉर्डभर दाखवत फिरले, झोपलेल्यांनासुद्धा.

परीक्षेत हाच प्रश्न आला, पाच मार्कांना.
मी साबणाबद्दल लिहिलं, चूळ भरण्याबद्दल लिहिलं,
सापांचं वर्गीकरण राहून गेलं.
अडीच मिळाले.
ऋजुताला साडेचार. तिचं पोस्टिंग एक्सरेत होतं,
सर्पदंश तिनं पाहिला नव्हता.
अक्षरही तिचं सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

नंतर मणचेकर सरांनी पडद्यावर आलेख दाखवला,
आडवे वॉर्डातले दिवस, उभे मार्क.
ठिपके असे विखुरलेले
जशी खळ्यात वाळत घातलेली सुकट.
त्यातून सरांनी पट्टीनं काढावी तशी एक रेघ गेली होती,
किंचित वर चढणारी.
"संबंध आहे," सर म्हणाले, "पण क्षीण."
रेघेच्या बराच खाली एक ठिपका होता.
मी त्याला ओळखलं.

इंटर्नशिपच्या जूनमध्ये रात्री दोनला फोन वाजला.
ऋजुता. कॅज्युअल्टीतून.
नळी लावलीय, म्हणाली. काचेची, नवी.
वीस मिनिटं, ते माहितेय गं मला.
पण तोपर्यंत मी करू काय?

चूळ भरायला लाव, मी म्हटलं. सुजेवर रेघ मार.
बकरी आहे का विचार.
फोन ठेवू नकोस.

आणि अकराव्या मिनिटाला, तिचा श्वास ऐकून,
मी म्हटलं,
ऋजुता, हात मागे घे.