पाच शतांश

हेमराजनं कॅनडाहून दोन बाण धाडले,
कोणाच्या तरी बॅगेतून,
आणि मोज्यात गुंडाळलेली दोन टोकं.
मिटलेली. पाती अंगाशी घेऊन निजलेली.
लागलं की उघडतात म्हणे, तोवर गप.

फोनवर म्हणाला, "मामा, साधं टोक लावलं की बाण बरोबर जाते,
हे लावलं की वीतभर डावीकडं.
हरणाचा सीझन पंधरा दिवसांवर येऊन राहिला.
तुम्ही लेथवाले, पाहा ना जरा."

हिंगण्याला एकतीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
धनुष्यातलं कळतं ते माझ्या पोरीला, सुगंधाला.
मला गोल कळतं.
गोल आहे की नाही, एवढंच.

शेडमागच्या प्लॉटवर दोन बल्ल्या रोवल्या,
मध्ये वर्तमानपत्र ताणलं,
पलीकडं तणसाचा गठ्ठा.
सुगंधानं आधी आपला बाण सोडला:
कळमन्याच्या संत्र्याच्या भावात एक नीट भोक,
पिसांच्या तीन चिरा.
मग हेमराजचा.
कागद आडवा फाटला,
तेरवीच्या निमंत्रणापासून थेट प्लॉट विकणे आहेपर्यंत.
"शेपूट हलवत जाऊन राहिला बाबा हा,
कुत्र्यासारखा."

रात्री व्ही-ब्लॉकवर बाण ठेवला,
डायल गेज लावला, दोन बोटांनी फिरवला.
काटा हलला. पाच शतांश.
कापणाऱ्यानं तोंड तिरपं कापलेलं,
त्यावर टोक बसलेलं, तेही मान वाकडी करून.
आणि पाती धरणारं रबराचं कडं ढिलं,
म्हणजे वाटेतच एक पातं
किंचित डोळा उघडत असणार.

साधं टोक हे सगळं पोटात घालतं.
पात्याचं टोक नाही घालत.

जेवताना सुगंधानं विचारलं,
"हे खरंच जनावरासाठी आहे?"
तिकडं परवाना मिळतो, मी म्हणालो.
तिनं भाकरी मोडली, पुढं बोलली नाही.

आमचा आजा देवलापारकडचा.
बांबू धुरावर वाळवायचा, निखाऱ्यावर सरळ करायचा,
एक डोळा मिटून तासभर पाहत बसायचा.
एकदा घाई झाली.
रानडुकराच्या पोटात बाण बसला, काळजात नाही.
तीन दिवस तो त्या रक्तामागं चालत गेला
आणि चौथ्या दिवशी रिकामा परत आला.
भाता चुलीत घातला, असं माय सांगायची.
का, ते सांगायची नाही.

मी टोकाची बैठक तापवून काढली.
बाण चकमध्ये हलक्या हातानं धरला,
बारीक पॉलिश पेपर लावला,
काळी भुकटी उडाली, नाकातोंडात गेली.
पुन्हा चिकटवलं. नवं कडं चढवलं.
फिरवला.
काटा हलला नाही.
खोटं कशाला, अर्धा शतांश हलला.

रविवारी सुगंधानं सोडला.
कागदाला भोक, तीन चिरा, बस.
तणसात पाती पूर्ण उघडलेली,
ओल्या गवताचा वास.
तिनं ती हातमोजा घालून मिटवली,
आणि बराच वेळ मिटवलेलीच धरून उभी राहिली.

हेमराजला लिहिलं:
दोष टोकात नव्हता, तोंडात होता.
बाकीच्या बाणांची तोंडंही घासून घे.
दर वेळी कडं नवं घाल.
वीस पावलांपलीकडून सोडू नको.
हे शेवटचं लेथचं नाही, आजाचं आहे.

त्यानं अंगठा पाठवला.

सीझन संपला. फोटो आला नाही.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

तो कागद अजून शेडच्या खिडकीला लावलेला आहे,
काच फुटली म्हणून.
चारच्या सुमारास त्या भोकातून ऊन येतं,
समोरच्या भिंतीवर पडतं, लांबट.
गेज काही लागत नाही त्याला.
मी मशीन बंद करून बघत राहतो.