एकोणतीस

सकाळी सहाला घर चौदा अंशांवर.
बाहेर उणे सव्वीस; एवढ्याची ओउलूत बातमी होत नाही.
भिंतीवरच्या पांढऱ्या चकतीवर एकच ओळ:
तारीख अवैध आहे. कृपया तारीख तपासा.
मी तपासली.
एकोणतीस फेब्रुवारी, गुरुवार.
फ्रिजवरच्या कॅलेंडरात आहे,
दुधाच्या खोक्यावरही छापलेली आहे.

सव्वीस वर्षं कोड लिहून पोट भरते आहे मी.
कॉफी उकळायच्या आत कळलं काय झालंय ते:
कुणीतरी, कुठेतरी, शुक्रवारी संध्याकाळी
फेब्रुवारीपुढे अठ्ठावीस लिहून घरी गेलं.
यंत्राच्या पंचांगात आजच्या तिथीचा क्षय.
आणि जो दिवसच नाही
त्या दिवशी कुणाला थंडी वाजेल कशी?

तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.
ते मोल मग चाळीस मिनिटं बासरीवर वाजत राहिलं,
दर फेरीला त्याच सुरावर खर्रकन तुटत.
फाइल कापताना चुकली होती. तेही मला ऐकू येतंच.
फोन टेबलावर ठेवून
मी मोज्यांवर मोजे चढवले.

शेवटी कायानीहून सोइन्तू आली,
आवाज कोवळा, नाक चोंदलेलं.
उपकरण बंद करून पुन्हा सुरू केलंत का?
केलं.
आणखी एकदा कराल? मी आहे लाइनवर.
केलं.
म्हटलं, अगं, हे लीप वर्ष आहे, तुमच्या प्रोग्राममध्ये
"प्रोग्राम मला दिसत नाही हो. मला फॉर्म दिसतो.
बिघाड कोणत्या तारखेपासून?"
आजपासून.
खटखट. खटखट. मग काहीच नाही.

आमच्याकडे शांततेला कुणी बिचकत नाही.
बसथांब्यावर दोन-दोन मीटर अंतर ठेवून
आम्ही ती नीट वाटून घेतो.
पण ही तसली नव्हती.

"फॉर्म आजची तारीख घेत नाहीये," ती म्हणाली.
"अठ्ठावीस टाकू?"
अठ्ठावीसला घर ऊबदार होतं.
"मग एक मार्च?"
एक मार्च अजून उजाडायचाय.
"हो ना," म्हणाली, आणि काहीतरी दाबलं तिनं,
हसू असेल, शिंक असेल.

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं,
चाळीस मिनिटं परजलेलं.
तेवढ्यात तीच आवाज खाली आणून म्हणाली,
"इथलंही हीटिंग बंद आहे सकाळपासून. आपल्याच कंपनीचं.
कोट घालून बसलोय सगळे.
आणि तक्रार आम्हालाही ह्याच नंबरवर करावी लागते."

वाक्य गिळलं. घशात टोचलं.

दुपारी शेजारचा काउनो आला, ब्याऐंशीचा,
घसरगाडीवर बर्चची लाकडं घेऊन.
माझ्या धुराड्यातून कधी नव्हे तो
जुन्या खुर्चीचा धूर निघताना दिसला असणार त्याला.
काही विचारलं नाही.
"सुकी आहेत," एवढंच म्हणाला
आणि बर्फातून परत गेला.

रात्री चुलीपुढे बसले, आणि नको तेच आठवलं.
रोव्हानिएमीचं इस्पितळ, दोन हजार तीन,
रात्रपाळीच्या औषधांचं वेळापत्रक.
ते मी लिहिलं होतं.
कंपनी विकली गेली, दोनदा नाव बदललं,
पण असला कोड मरत नाही,
कुठल्यातरी तळघरात दिवा लुकलुकत असतो त्याचा.
चारनं भागलं होतं का मी? की
शुक्रवार होता?

बरोबर बारा वाजता भिंतीत टक् झालं
आणि घर गरम होऊ लागलं,
जसं काही झालंच नव्हतं.
लगोलग मेसेज: आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच.
सोइन्तूच्या नावानं पाच दाबले.

मग माळ्यावरून जुनी डिस्क काढली.
आता ती मांडीवर आहे,
आणि खणातून उपसलेल्या अकरा केबली जमिनीवर.
नऊ लावून पाहिल्या.