पान एकशे त्रेसष्ट

अकरा आठवडे माझं नाव यादीत होतं.
सेतुबालच्या वाचनालयात या एका पुस्तकासाठी
माझ्या आधी चौदा जण; त्यांत निवृत्त हेडमास्तर,
दातांची डॉक्टरीण आणि पाद्रीबाबा.
एर्मेलिंदाने ते काउंटरवर ठेवलं दोन्ही हातांनी,
नुकतं न्हालेलं मूल द्यावं तसं.
म्हणाली, "झुल्मिरा, हे वाचून तू पूर्वीची राहणार नाहीस."

पूर्वीची म्हणजे कुठली?
एकोणतीस वर्षं मी सार्डिनची मुंडकी उडवली,
डब्यावरचं चित्र बघून ओळखायची
तेलातले कुठले, टोमॅटोतले कुठले.
अक्षरं आली ती त्रेपन्नाव्या वर्षी,
अग्निशामक दलाच्या वरच्या खोलीत, मंगळवार-गुरुवार,
बोटांचा वास जाईना म्हणून पेन्सिल रुमालात धरून.

तर चष्मा पुसून बसले.
मलपृष्ठावर सात जणांनी कौतुक केलेलं.
एकाला रडू आलं होतं, एकाने नोकरी सोडली होती.
पान नऊ: वाचन म्हणजे श्वास.
पान बारा: वाचन म्हणजे दार.
पान सतरा: वाचन म्हणजे आरसा, आणि लगेच, दिवाही.
तिसाव्या पानापर्यंत घरातलं सगळं सामान वापरून झालं.
मग त्याचं टेबल आलं, टेबलासमोर तळं,
तळ्यावर सकाळ, सकाळी कॉफी.
कॉफी कोण करतं ते आलं नाही.

आधीच्यांनी पेन्सिलीने रेघा मारलेल्या,
कुठे तर ओळीपेक्षा रेघच ठळक.
पान एक्केचाळीसवर बसचं तिकीट.
त्यानंतर एकही रेघ नाही.
पानं कोरी करकरीत, काही कडेला चिकटलेली,
सुरीने सोडवावी लागली.
चौदा जण!
आणि बाजारात भेटला की जो तो म्हणत होता, अप्रतिम.

मी सोडलं नाही. मला सोडता येत नाही,
इतक्या उशिरा वाढलेलं ताटात टाकायचं नसतं.

पान एकशे त्रेसष्टवर त्याची आई आली.
तिला वाचता येत नव्हतं. लहानपणी तो मोठ्याने वाचायचा
आणि ती शेजारी बसून
बरोबर वेळेला पान उलटायची.
मी सावरून बसले. वाट बघितली.
तिला कसं कळायचं? त्याच्या श्वासावरून? डोळ्यांवरून?
कधी मुद्दाम उशीर केला का तिने?
पुढचं वाक्य शाईबद्दल होतं.
निळी की काळी. अडीच पानं.

रात्री अबीलियूला सांगितलं. तो पावटे सोलत होता.
त्याने विचारलं, "मीठ कमी?"

मी लिहिलेली पहिली चिठ्ठी: सूप शेगडीवर आहे.
कामावरून येऊन बघते तर पातेलं रिकामं
आणि चिठ्ठीखाली त्याच्या अक्षरात हे दोनच शब्द.
आठवडाभर बोलले नव्हते मी त्याच्याशी.
पण वाचलं होतं त्याने. शेवटपर्यंत.

एर्मेलिंदाने विचारलं, "मग?"
तिचे डोळे असे की खरं बोलवेना.
"लांबलं जरा," एवढंच म्हटलं.
तिकीट मात्र एक्केचाळीसवरून काढून
एकशे त्रेसष्टला ठेवलंय.
पुढच्याला वाटेल, इथवर कुणीतरी आलं होतं.
नाही वाटलं तर
निदान पुस्तक तिथे आपोआप उघडेल,
ती बाई पान उलटायच्या बेतात असताना.