सातला पाच कमी

नोएलीन टॅटर्सफिल्डच्या घरी
मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा तिनं न विचारताच चहा ठेवला.
मटाउरा नदीपलीकडे याचा अर्थ
दुरुस्तीवाला आता शेजाऱ्यांत मोजला जातो.

कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव सालचा, दातांसारखा पिवळा,
लोकरीच्या पावत्यांआड बसलेला.
मोडेम किंचाळायचा, खाकरायचा,
पलीकडच्या कुणाशी हुज्जत घालून
एकदाचं जुळवून घ्यायचा
आणि चौथ्या मिनिटाला गप्प.
ॲबर्डीनहून मुलीनं धाडलेला नातवाचा फोटो
वरून खाली उतरता उतरता कपाळाशी थांबला होता.
भुवयांखाली अजून कुणी आलंच नव्हतं.

मी वेग उतरवला. वायर बदलली.
स्वयंपाकघरातला दुसरा फोन काढून पावाच्या डब्यावर ठेवला.
कंपनीनं दिलेली अक्षरांची माळ
जपासारखी टाइप करत राहिलो.
रोग रेड्याला, औषध पखालीला.

मग म्हटलं, ऐकून तरी बघू.
रिसीव्हर कानाला लावला, एक आकडा दाबला.
सूर थांबला, आणि मागच्या शांततेत
टक्.
टक्.
सेकंदाला एक.

"हे कधीपासून?"
"ते होय? ते ट्रेव्हचं कुंपण,"
ती म्हणाली, जणू नवरा बाहेर खोकतोय.

बाराशे मेंढ्यांभोवती विजेची तार.
गमबूट चढवून आम्ही तिच्या कडेकडेनं निघालो.
दक्षिणेचा वारा थेट बर्फावरून आलेला,
बोलायला तोंड उघडलं की दात दुखायचे.
मॅक्रोकार्पाच्या रांगेखाली, शेवटच्या खांबाशी,
फोनची केबल जिथे जमिनीत शिरते नेमकं तिथेच
चिनी मातीची चिमणी फुटलेली.
तिच्या जागी पाण्याच्या नळीचा तुकडा,
निळ्या सुतळीनं बांधलेला. ओल्या गवताला टेकून
वीज हळूहळू झिरपत होती.

"डावखुरा होता," ती म्हणाली. "गाठ बघ."

पक्कड माझ्या हातात होती.
मी ती परत खिशात टाकली.

घरी येऊन एक चिठ्ठी लिहिली,
मोडेमच्या डोक्यावर चिकटवली:
सातला कुंपण बंद, मेल उघडा.
आठला कुंपण चालू. विसरू नका.

त्या रात्री नातवाला नाक आलं, तोंड आलं,
हातात अर्धा खाल्लेला टोस्ट आला.
कान कुणाचे, ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये तिचा मेल आला, न तुटता, अख्खा:

इहाया,
मेंढ्यांना वेळ कळली आहे.
सातला पाच कमी असताना तारेशी येऊन
कान देऊन उभ्या राहतात.
टक् थांबलं की खालून शिरतात.
बेव्हनचं सलगम काल संपलं, तो बोलत नाही.
फोटो सगळे मिळाले.
येशील तेव्हा नवी चिमणी घेऊन ये.
गाठ मी सोडीन.