ऐंशी टक्के

उलव्यात, सेक्टरच्या पार टोकाला,
जिथे डांबर संपतं पण नकाशा संपत नाही,
चार यंत्रं उभी आहेत.
त्यातलं तीन नंबरचं बहुतेक रुसलेलं.
रात्रीचा दीड. गाडीत नऊ टक्के,
थर्मासात दोन घोट.

गन लावली की आधी एक खट्,
मग पंख्यांची घरघर,
पत्र्याच्या पिंपात कुणी गहू ओतत राहावं तशी.
दहा. अकरा.
आकडा हिरवा आहे, आणि त्याला माझी घाई कळत नाही.

हसुरामबाबा खुर्ची पुढे सरकवतो.
रखवालदाराचा शर्ट त्याला दोन मापं मोठा.
'बस, यमुने. ही खुर्ची हाय ना,
हितंच आमचा सातवा वाफा व्हता.'
मी खाली बघते. पेव्हर ब्लॉक.
फटीतून काहीतरी पांढरं फुललेलं,
सिमेंटचं की मिठाचं, कोण सांगणार.

बावीस. तेवीस.
शेजारच्या गाडीत लग्नाहून परतलेलं कुटुंब झोपलंय,
नवरीच्या करवलीचा गजरा काचेला चिकटलेला.
पलीकडे एक मुलगा टेम्पोच्या फळीवर बसून
पोलीस भरतीचं गणित सोडवतोय:
एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो.
तो एकदा यंत्राकडे बघतो, एकदा वहीकडे,
आणि दुसरा नळ खोडून टाकतो.

मागच्या महिन्यात मी इथे दोन टक्क्यांवर आले होते.
चारही जागा भरलेल्या.
एका अनोळखी बाईने एक्केचाळीसवर स्वतःची गन काढली,
म्हणाली, घ्या, घरापुरतं झालं माझं.
विरजण मागायला गेल्यावर
वाटीभर दही मिळावं, तसं वाटलं.
तिचं नाव विचारायचं राहिलं.

ऐंशीला आलं की यंत्र हात आखडतं.
पुढचे वीस टक्के थेंबाथेंबाने,
जवळजवळ आधीच्या सगळ्याइतकाच वेळ खात.
मी पहिल्यांदा चिडले तेव्हा बाबा हसला.
'मिठाचं बी असंच, पोरी.
घाई केलीस का बारीक पडतं,
आन पार शेवटापत्तूर थांबलीस का कडू.
शेवटचं पानी खाडीत सोडून द्याचं.
लोभ केला त्याचं मीठ कुनी घेतलं नाय.'

कुंपणावर आता नवा फलक लागलाय:
आणखी बारा यंत्रं, लवकरच.
दुप्पट वेगाची. अठरा मिनिटांत काम.
जासईला सोळा, करंजाडेला दहा,
उरणच्या वाटेवर तर म्हणे चहाच्या टपऱ्यांइतकी.
मी लगेच हिशोब केला, खोटं कशाला बोलू.
रात्रीत दोन फेऱ्या जास्त.
ओमकारच्या क्लासचा दुसरा हप्ता त्यात बसतो,
शिवाय मागचं टायर.

फलकाच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र आहे.
खुर्चीचं नाही.
बाबाला वाचता येत नाही असं तो सांगतो,
पण फलकाकडे पाठ करून बसायला लागलाय.

अठ्ठ्याहत्तर.
बाबा अजून चौऱ्याऐंशी सालात आहे.
उधाणाने बांध फोडलाय,
त्याचा बाप कंदील घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलाय,
आणि मागून कुणीतरी हाक मारतंय.
एकोणऐंशी.
कुणी हाक मारली, बाबा?

फोन वाजतो: टर्मिनल, तीन प्रवासी, चार बॅगा.
ऐंशी.
मी गन काढते, जागेवर ठेवते.
बाबा हात हलवतो, जा म्हणतो,
त्याचा बाप तसाच पाण्यात,
कंदील वर धरून.

मागच्या आरशात
चौथ्या जागेत कुणीतरी शिरतंय,
आणि बाबा खुर्ची पुढे सरकवतोय.